बाळंतपण सरकारीत करायचं की प्रायव्हेटला? सारखे येणारे प्रश्न

मी चौदा वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते, आधी सहा वर्षं प्रायव्हेट नर्सिंग होममध्ये आणि नंतर आठ वर्षं सरकारी हॉस्पिटलात. त्यामुळे नात्यातली, गल्लीतली, मैत्रिणीच्या जावेची बहीण अशी कुणीही पोटुशी राहिली की फोन मला येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते सगळे इथे एकत्र लिहिलेत. उत्तरं महाराष्ट्रातली आहेत, गोव्याचं कुठे कुठे आलंय. तुम्हाला तपासलंय तुमच्या डॉक्टरांनी, मी नाही, त्यामुळे तब्येतीबद्दल त्यांचा शब्द शेवटचा.

१. ताई, एका वाक्यात सांगा, सरकारी चांगलं की प्रायव्हेट?

एका वाक्यात सांगायचं तर, रात्री दोन वाजता जिथे सिझर होऊ शकतं, रक्त मिळू शकतं आणि बाळाचा डॉक्टर येऊ शकतो, आणि जिथे तुम्ही वेळेत पोचू शकता, ते चांगलं. ते सरकारी असेल तर सरकारी, प्रायव्हेट असेल तर प्रायव्हेट. लोक बोर्ड बघतात, फरशी बघतात, एसी आहे का बघतात, पण बाळंतपणात जे बिघडतं ते अर्ध्या तासात बिघडतं आणि बऱ्याचदा रात्रीच. मी दोन्हीकडे चांगलं बघितलंय आणि दोन्हीकडे वाईट पण बघितलंय.

२. सरकारी म्हणजे नक्की कुठलं? आमच्या गावात पण सरकारी दवाखाना आहे, तिथे चालेल का?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सगळ्यात खाली उपकेंद्र, तिथे एएनएम ताई, म्हणजे गावच्या नर्स असतात. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपलं पीएचसी, तिथे डॉक्टर असतात आणि साधी नॉर्मल डिलिव्हरी होते पण सिझर होत नाही. त्यावर ग्रामीण रुग्णालय, साधारण ३० खाटांचं, काही ठिकाणी सिझर होतं काही ठिकाणी नाही, ते भूल देणारे डॉक्टर आहेत की नाहीत यावर अवलंबून. मग उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचं, मग जिल्ह्याचं सिव्हिल किंवा स्त्री रुग्णालय, आणि सगळ्यात वर मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. नागपूरचं डागा, अमरावतीचं डफरीन, मुंबईचं कामा ही खास बायकांची सरकारी हॉस्पिटलं. पुण्यात ससून आहे, महापालिकेचं कमला नेहरू आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर शिवाय महापालिकेची वॉर्डातली प्रसूतिगृहं. सिंधुदुर्गातल्या अवघड केसेस तर कित्येकदा गोव्यात बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजमध्ये नेतात.

म्हणजे "सरकारीत वाईट अनुभव आला" असं कुणी म्हणालं की पहिलं विचारायचं, कुठल्या सरकारीत? पीएचसी आणि मेडिकल कॉलेज यांची तुलनाच होत नाही. तब्येत अगदी ठणठणीत, दुसरं बाळंतपण, पहिलं सहज झालेलं, आणि पीएचसीत रात्री स्टाफ खरंच राहतो अशी तुमची खात्री असेल तर पीएचसी चालेल. पहिलटकरीण असेल तर मी तरी सिझरची सोय असलेली जागा धरा म्हणेन.

३. हॉस्पिटल बघायला गेल्यावर नक्की काय विचारायचं? आम्हाला तर काही कळत नाही.

कळायला डॉक्टर असायला लागत नाही. सातव्या महिन्यात एकदा जाऊन बसा, आणि हे विचारा:

रात्री मुक्कामाला कोण असतं? म्हणजे बाळंतपणाचे डॉक्टर स्वतः इथेच राहतात, की घरून येतात, आणि घर किती लांब आहे? भूल देणारे डॉक्टर इथले आहेत की बाहेरून बोलवता, आणि बोलावल्यावर किती मिनिटांत येतात? रक्त लागलं तर कुठल्या ब्लड बँकेतून येतं? बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर त्याला श्वास द्यायला त्या खोलीत कोण असतं? बाळाला पेटीत ठेवायची वेळ आली तर इथेच सोय आहे की दुसरीकडे हलवता?

मी प्रायव्हेटला होते तेव्हाची एक रात्र अजून डोळ्यासमोर आहे. बाईचं सगळं नीट चाललेलं, एकदम बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, डॉक्टर हजर, थिएटर तयार, आणि भूलतज्ज्ञ शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या सिझरला. ते येईपर्यंत पन्नास मिनिटं आम्ही त्या बाईला कुशीवर वळवून ऑक्सिजन लावून बसलो. बाळ वाचलं. पण त्या पन्नास मिनिटांत तिची आई बाहेर काय अवस्थेत होती ते मी विसरणार नाही. त्या हॉस्पिटलची फरशी आरशासारखी होती आणि त्या घरच्यांनी वरचे प्रश्न कुणाला विचारलेच नव्हते, कारण विचारायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि हेच प्रश्न सरकारीतही विचारा. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाची जागा भरलेली असते पण ते आठवड्यातले तीनच दिवस येतात असंही असतं. हे कागदावर दिसत नाही, तिथल्या सिस्टरला किंवा तुमच्या आशाताईला विचारलं की खरं काय ते कळतं.

४. सरकारीत खरंच एक रुपया लागत नाही का?

नियमाने नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (जेएसएसके) आहे, त्यात नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, सोनोग्राफी, रक्त, जेवण (नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात दिवसांपर्यंत), घरून दवाखान्यात आणायची आणि परत घरी सोडायची गाडी, सगळं मोफत. आजारी बाळाचे उपचारही मोफत. हे सगळ्यांना आहे, पिवळं रेशनकार्ड असायला लागत नाही, कितवं मूल आहे हेही बघत नाहीत. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलात केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. महापालिकेची आणि मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं त्यात येत नाहीत, तिथे केसपेपरची थोडी फी असू शकते.

आता प्रत्यक्षात. एखादं इंजेक्शन संपलेलं असतं आणि चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची मिळते, सोनोग्राफीवाले डॉक्टर रजेवर असतात, सोबतच्या माणसाचं जेवण, रिक्षा, आणि हो, मुलगा झाला म्हणून "खुशी" मागणारी माणसंही भेटतात. ती खुशी द्यायची नाही. मी आत काम केलंय म्हणून ठामपणे सांगते, न दिल्याने तुमच्या बाईचं काही अडत नाही, आणि कुणी अडवलंच तर वैद्यकीय अधीक्षकांकडे जा किंवा १०४ या सरकारी आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा. बाहेरची चिठ्ठी मिळाली तर आधी विचारा, "हे जेएसएसकेमधून मिळणार नाही का?" एवढ्या एका वाक्याने बरीच औषधं आतच सापडतात.

५. प्रायव्हेटला किती खर्च येईल? पॅकेज सांगतात ते खरं असतं का?

आकडा गावागणिक आणि खोलीगणिक बदलतो, त्यामुळे शेजारणीचा आकडा धरून बजेट करू नका. पॅकेज सांगितलं की त्यात काय *नाही* ते विचारा. सहसा बाहेर राहतं ते असं: बाळाच्या डॉक्टरांची फी, बाळाच्या लसी, रक्त, एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते भुलीचं इंजेक्शन), जास्तीचे दिवस, मेडिकलमधली औषधं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) ठेवावं लागलं तर त्याचं रोजचं बिल. बाळंतपणाच्या बिलाने कुणी कर्जबाजारी झालेलं मी फारसं बघितलं नाही, एनआयसीयूच्या बिलाने झालेली घरं बघितली आहेत. (त्याबद्दल प्रश्न १० बघा.)

नॉर्मलचं ठरलं आणि सिझर झालं तर किती, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून मागा. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे हॉस्पिटलने दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दिसेल अशी लावायची असते. दिसली नाही तर विचारा, तो तुमचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा काही नाही.

६. प्रायव्हेटला गेलं की सिझरच करतात, खरं का?

करतात असं सरसकट म्हणणार नाही, पण शंका निराधार पण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१ ची पाचवी फेरी) देशभरात प्रायव्हेटमधल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होती आणि सरकारीत १४.३ टक्के. एवढा फरक बायकांच्या तब्येतीत असूच शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की एकूण लोकसंख्येत सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने आई-बाळाचे मृत्यू आणखी कमी होत नाहीत.

पण नुसता पैसा हे कारण नाही. एकट्याने चालवलेलं नर्सिंग होम असतं, सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशनं, आणि पहिलटकरणीच्या कळा चौदा-पंधरा तास चालतात, त्या डॉक्टरने कितीदा उठून बघायचं? काही बिघडलं तर तोडफोड आणि केस, ती भीती वेगळी. घरचे पण म्हणतात, "डॉक्टर, तिला त्रास नको, करून टाका," आणि मुहूर्त काढून आणणारे तर आता गावोगावी आहेत. उलट बाजूने, सरकारीच्या सरासरीत पीएचसी पण धरलेली असते जिथे सिझर होतच नाही, मेडिकल कॉलेजमध्ये चारी बाजूंनी अडलेल्या केसेस येतात म्हणून तिथला आकडा बराच वर असतो.

तुम्ही काय करायचं? डॉक्टरांना सरळ विचारा, "गेल्या वर्षी तुमच्याकडे पहिलटकरणी किती आल्या, त्यातल्या किती जणींचं सिझर झालं?" आणि "तारीख उलटली तर किती दिवस वाट बघता?" चांगले डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बोलतात. आणि ऐन वेळी सिझर सांगितलं तर कारण विचारा, पण बाळाचे ठोके पडतायत, नाळ खाली आलीय, रक्त जातंय असं कारण असेल तर तिथे वाद घालत बसू नका, सही करा. मी सरकारीत उलटं पण बघितलंय, घरचे "नॉर्मलच पाहिजे" म्हणून दोन तास सही देत नव्हते, आणि त्या दोन तासांची किंमत बाळाने मोजली.

७. सरकारीत बायकांवर ओरडतात, हात उचलतात असं ऐकलंय. माझी बायको फार घाबरलीय.

ओरडतात, हे मी नाकारणार नाही. एका सिस्टरकडे एका वेळी पाच-पाच कळा देणाऱ्या बाया असतात, वॉर्ड भरलेला, कधी एका खाटेवर दोन बाळंतिणी, तरीही ओरडायचं कारण म्हणून ते मला मान्य नाही. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला ओरडलेय आणि त्याचं आजही वाईट वाटतं, कारण कळा देताना ऐकलेला एक शब्द बाई वीस वर्षांनी पण विसरत नाही. हात उचलणं तर गुन्हाच.

बदल होतोय हेही खरं. २०१७ पासून लक्ष्य नावाचा कार्यक्रम सरकारी लेबर रूमसाठी आहे, त्यात स्वच्छता, पडदा, आदराने वागवणं, सोबतीला जवळचं माणूस, हे सगळं तपासून मग प्रमाणपत्र मिळतं. तुमच्या हॉस्पिटलचं लक्ष्य झालंय का विचारा, झालं असेल तर फरक दिसतो. प्रायव्हेटसाठी तसंच फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं 'मान्यता' नावाचं प्रमाणपत्र आहे, १६ निकषांचं.

बायकोला आधी एकदा तिथे घेऊन जा, लेबर रूमचं दार कुठे, संडास कुठे, दाखल कुठे करतात ते तिने बघितलेलं असलं की निम्मी भीती तिथेच जाते. आणि सोबत बाई असू द्या, जिला स्वतःचं बाळंतपण झालंय आणि जी घाबरून गोंधळ घालणार नाही. केंद्राच्या सूचनेप्रमाणे सोबतीला बाईमाणूस आत राहू शकतं. नवऱ्याला सरकारीत सहसा आत सोडत नाहीत कारण एका खोलीत तीन-चार बाया असतात. नवरा जवळ पाहिजेच असेल तर वेगळी लेबर रूम असलेलं प्रायव्हेट बघा, हे प्रायव्हेट निवडायचं अगदी रास्त कारण आहे, त्यात लाजायचं काय.

८. तपासण्या प्रायव्हेटला आणि बाळंतपण सरकारीत, असं चालतं का? ऐन वेळी हाकलून देतील का?

चालतं, आणि मध्यमवर्गातल्या पुष्कळ जणी आता हेच करतात. हाकलून देता येत नाही, कळा सुरू असलेल्या बाईला सरकारीत घ्यावंच लागतं. पण नाव आधी घालून ठेवा म्हणजे तुमचंच सोपं जातं. बारा आठवड्यांच्या आत आशाताई किंवा एएनएमकडे नोंद करा, माता-बाल संरक्षण कार्ड घ्या, आणि सातव्या-आठव्या महिन्यात ज्या सरकारी हॉस्पिटलात जायचंय तिथे दोनदा तरी तपासून या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारीत तज्ज्ञ डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात, तो दिवस धरा, गर्दी असते पण एका दिवसात बरंच होतं.

प्रायव्हेटचे सगळे कागद एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे. रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, काविळीची बी टेस्ट, शुगर, शेवटची सोनोग्राफी. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टरच्या हातात ही फाइल पडली ना, की तुमच्या बाईला निम्मे प्रश्न विचारले जात नाहीत.

९. बीपी आहे / जुळं आहे / पहिलं सिझर आहे / माझा रक्तगट निगेटिव्ह आहे. मग कुठे?

यातलं काहीही असेल तर छोट्या जागी नको, ना छोटं सरकारी ना छोटं प्रायव्हेट. गुळगुळीत नर्सिंग होमपेक्षा गर्दीचं मेडिकल कॉलेज इथे जास्त सुरक्षित, कारण चोवीस तास डॉक्टर, भूल, रक्त, बाळाचा विभाग सगळं एका छताखाली. मोठं प्रायव्हेट परवडत असेल तर तेही चालेल, प्रश्न ३ मधली यादी मात्र तिथेही.

पहिलं सिझर आणि आता नॉर्मल करून बघायचंय असं असेल तर तत्काळ सिझर होणारी जागा हवीच, जुना टाका कळांमध्ये उसवू शकतो. निगेटिव्ह रक्तगटवाल्यांनी हे लक्षात ठेवा: बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळालं पाहिजे. ते लहान जागी नसतं आणि महाग असतं, म्हणून आधीच विचारून ठेवा, सरकारीत उपलब्ध आहे का, नसेल तर कुठून आणायचं. बीपी असणाऱ्यांनी डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखतंय असं झालं तर तारखेची वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

१०. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर? तेव्हा तर प्रायव्हेटच लागेल ना?

नाही, आणि हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही. जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत एसएनसीयू, म्हणजे नवजात बाळांचा खास कक्ष असतो, तिथे पेटी, फोटोथेरपी (काविळीसाठी द्यायचा प्रकाश), ऑक्सिजन, सलाइन, सगळं मोफत. बाहेर जन्मलेलं बाळ पण घेतात, त्यासाठी वेगळा भाग असतो. अडचण एवढीच की जागा भरलेली असते, आणि फार लवकर जन्मलेल्या, व्हेंटिलेटर लागणाऱ्या बाळाला मेडिकल कॉलेजलाच न्यावं लागतं.

कमी दिवसांचं बाळ होणार हे आधीच दिसत असेल तर आईलाच पोटातल्या बाळासकट मोठ्या हॉस्पिटलात हलवा. बाळाला ने-आण करायला आईच्या पोटासारखी गाडी नाही. जन्मल्यावर अँब्युलन्समध्ये हलवलेलं थंड पडलेलं बाळ आणि तिथेच जन्मलेलं बाळ, यात पहिल्या रात्री किती फरक असतो ते मी रोज बघायचे.

प्रायव्हेट एनआयसीयूचा खर्च झेपेना झाला तर लपवू नका, तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, एसएनसीयूत जागा मिळवून सुरक्षित हलवता येतं. दागिने मोडून दहावा दिवस गाठल्यावर येऊ नका.

११. प्रायव्हेटने ऐन वेळी "सिव्हिलला न्या" म्हटलं तर?

होतं असं, आणि तेव्हा घरचे चिडतात, पण चार तास उशिराने सांगण्यापेक्षा वेळेत सांगितलेलं बरं. रेफरची चिठ्ठी लिहून घ्या, त्यात किती वाजता काय झालं, कुठलं इंजेक्शन दिलं, बीपी किती, हे असलंच पाहिजे. जिथे नेताय तिथे त्यांनाच फोन करायला सांगा. १०८ बोलवा, ती आणीबाणीची मोफत गाडी, तिच्यात डॉक्टर असतात. १०२ गरोदर बाई आणि बाळंतिणीची ने-आण करते. खासगी गाडीने नेताना बाईला डाव्या कुशीवर झोपवा.

१२. बाळंतपण माहेरी, आधार कार्ड सासरचं. सरकारीत अडवतील का?

अडवता येत नाही, दुसऱ्या जिल्ह्याची, दुसऱ्या राज्याची असली तरी उपचार मोफतच. ऊसतोडीला गेलेल्या बायांनाही हेच लागू. घोळ होतो तो योजनेच्या पैशांत, म्हणून माता-बाल कार्ड सोबत न्या आणि माहेरच्या आशाताईला भेटून तिच्या यादीत नाव घाला. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला माहेरी येता तेव्हाच हे काम उरका, तेव्हा अंगात फिरायची ताकद असते. दुर्गम आदिवासी भागात काही पीएचसींजवळ माहेरघर असतं, तारखेच्या आधी काही दिवस तिथे येऊन राहता येतं, मेळघाट-गडचिरोलीकडच्या मैत्रिणींनी नक्की चौकशी करा. नाला भरून रस्ता बंद झाल्यावर निघण्यापेक्षा चार दिवस आधी येऊन राहिलेलं केव्हाही चांगलं.

१३. प्रायव्हेटला बाळंतपण झालं तर सरकारी पैसे मिळतात का?

मातृवंदना योजनेचे मिळतात, ती हॉस्पिटल बघत नाही, तुम्ही निकषात बसायला हव्या. पहिल्या मुलाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत, दुसरं मूल मुलगी असेल तर ६,००० एकदम. त्यासाठी वेळेत नोंदणी, तपासणी, जन्मनोंद आणि बाळाच्या लसी लागतात. सरकारी नोकरीत असाल तर नाही. जननी सुरक्षा योजनेचे (ग्रामीणला ७००, शहरात ६००) दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना, सरकारीत किंवा सरकारने मान्यता दिलेल्या प्रायव्हेटमध्ये. बँक खातं तिच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे, निम्मे पैसे इथेच अडकतात.

१४. इन्शुरन्स आहे, मग प्रायव्हेटच ना?

पॉलिसी उघडून "मॅटर्निटी" शब्द शोधा. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत बाळंतपणाला बहुतेक वेळा वाट बघायची मुदत असते, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत, म्हणजे दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी कामाची नाही. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून असतं पण रकमेला मर्यादा असते. नवजात बाळ कधीपासून कव्हर होतं हे वेगळं विचारा, प्रश्न ५ मधलं एनआयसीयूचं बिल आठवा.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कापलं जात असेल तर ईएसआयसी हॉस्पिटल आहे आणि २६ आठवड्यांच्या रजेचा पगारही. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण साधं नॉर्मल बाळंतपण त्यात धरून बसू नका. आजारी बाळाच्या उपचारांची पॅकेजेस त्यात आहेत, हॉस्पिटलात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा.

१५. चॅरिटी हॉस्पिटल म्हणजे काय? ते तर पंचतारांकित दिसतं.

धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंदलेलं हॉस्पिटल. त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. आणीबाणीत आलेल्या रुग्णाला आधी दाखल करून जीव वाचवायचे उपचार द्यायचे असतात, निर्धन रुग्णाकडून डिपॉझिट मागायचं नसतं. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना आठव्या महिन्यातच भेटून ठेवा. कळा सुरू झाल्यावर दाखला काढायला तहसीलला कोण पळणार?

१६. बिल पूर्ण भरलं नाही तर आई-बाळाला अडकवून ठेवतात का?

ठेवता येत नाही. बिलासाठी रुग्णाला अडकवायचं नाही हे वर सांगितलेल्या २०२१ च्या नियमांत आहे. बिल देणं लागता हे खरं, लेखी मुदत मागा, पण आई-बाळ ओलीस राहणार नाहीत. अडवलं तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि गावाकडे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा.

१७. सरकारीत एपिड्युरल मिळतं का?

बहुतेक ठिकाणी नाही, काही मेडिकल कॉलेजांत मिळतं. त्यासाठी भूलतज्ज्ञ तासन्‌तास जवळ लागतो. कळा सहन होणार नाहीत अशी खरंच भीती वाटत असेल तर ती भीती खरी मानूनच हॉस्पिटल निवडा, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" म्हणणाऱ्या सासूबाईंना नाही जायचं लेबर रूममध्ये.

१८. न विचारता कॉपर टी बसवतात असं ऐकलंय.

तुमच्या होकाराशिवाय बसवायची नाही, सरकारीत पण नाही आणि प्रायव्हेटला पण नाही. बाळंतपणानंतर लगेच बसवायची सोय चांगली आहे, पण हवी की नको ते आठव्या महिन्यातच ठरवा आणि फाइलवर लिहून घ्या. कळांच्या मधे कुणी विचारलं तर "हो" काय आणि "नाही" काय, बाईला काही सुधरत नसतं. नसबंदीच्या ऑपरेशनचंही तसंच.

१९. मुलगी अठराच्या आतली आहे / लग्न झालेलं नाही. कुठे न्यायचं? लोक काय म्हणतील?

लग्न झालेलं नसणं हे उपचार नाकारायचं कारण कुठेच होऊ शकत नाही, नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही. वय १८ च्या आत असेल तर डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), सरकारी असो की प्रायव्हेट. म्हणून लपवून छोट्या जागी नेऊ नका. पोर लहान असते, तिचं रक्त कमी असतं, बीपी वाढतं, तिला तर मोठंच हॉस्पिटल पाहिजे. मोठ्या सरकारीत समाजसेवा विभाग असतो, तिथली माणसं अशा मुलींशी बोलायला सरावलेली असतात. लोकांचं नंतर बघू, आधी पोर घरी जिवंत आली पाहिजे.

२०. सगळं ठरलं. आता पिशवीत काय भरू?

फाइल आणि माता-बाल कार्ड सगळ्यात वर. आधारच्या दोन झेरॉक्स, बँक पासबुकाची झेरॉक्स. तिचे सैल पुढून उघडणारे गाऊन तीन, सुती जुनी लुगडी किंवा धोतराची मऊ फडकी धुऊन उन्हात वाळवलेली, पॅड, बाळाची टोपी-मोजे, दुलई. सरकारीत जाणार असाल तर चादर, बादली-मग, पाण्याची बाटली, ताट-वाटी पण घ्या. रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांचे फोन नंबर कागदावर लिहून फाइलमध्ये चिकटवा, मोबाइल ऐन वेळी बंद पडतो. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, आणि त्याची गाडी नसेल तर दुसरा कोण, तेही.

घुटी, मध, साखरपाणी काही घेऊ नका. बाळाला पहिल्या तासात आईचं दूध, सिझर झालं असलं तरी. आणि घरी निघायच्या आधी बाळाला बीसीजी, पोलिओचा थेंब, काविळीची लस दिली का आणि जन्मनोंदीचा फॉर्म भरला का ते सिस्टरला विचारून घ्या. २१ दिवसांच्या आत नोंद मोफत असते, फॉर्मवर आईचं नाव आधार कार्डवर आहे तसंच, अक्षर न अक्षर.